टॉवेलाखालचा सौदा

गाडी घ्यायची असं ठरून चार महिने झाले होते. तेवढ्या काळात बाजीराव रोकडे यांच्या वहीतल्या प्रश्नांची संख्या एक्केचाळीसवर गेली होती. गाडी मात्र अजून एकही झाली नव्हती.

वही दोनशे पानी होती. पहिला प्रश्न ‘गाडी आजवर किती जणांच्या हातून गेली आहे?’ असा होता, आणि शेवटचा ‘मागील भागात दोन माणसे पाय लांब करून झोपू शकतील काय?’ असा. मधल्या एकोणचाळीस प्रश्नांत इंजिन, टायर, टप, कागदपत्रं आणि मालकाचा स्वभाव आलेला होता. प्रश्न सुंदर अक्षरात होते आणि प्रत्येकासमोर उत्तरासाठी दोन ओळी सोडलेल्या होत्या. त्या ओळी कोऱ्या होत्या.

जुन्नरच्या सार्वजनिक वाचनालयात बाजीरावांनी चौतीस वर्षं ग्रंथपालाची नोकरी केली. त्यांच्या डोक्यावर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती. ती वाचकांसाठी होती, पण पाळली ती मुख्यतः त्यांनीच. आईबापांनी नाव मोठ्या हौसेनं बाजीराव ठेवलं, आणि ते नाव सांगताना त्यांना जन्मभर संकोच वाटत आला. नवा वाचक नाव विचारी, तेव्हा ते ‘रोकडे’ एवढंच सांगत.

गाडीची कल्पना द्रौपदाबाईंची. त्या आरोग्य खात्यात नर्स होत्या. जुन्नरच्या पश्चिमेकडच्या वाड्यावस्त्यांवर एकतीस वर्षं त्या लशीचा डबा खांद्याला अडकवून पायी फिरल्या. इकडच्या डोंगरांत पावलापावलावर बुद्धलेणी. खालून त्यांना ती दिसत. पण वर चढायला जावं तर डब्यातला बर्फ वितळायचा. “रिटायर झाल्यावर बघू,” असं त्या दर डोंगराला सांगून पुढे जात. असे बरेच डोंगर वाट बघत राहिले होते. आता एक दणकट जुनी जीप घ्यायची, एसटी जात नाही तिथं जायचं, रात्री गाडीतच अंथरूण टाकायचं आणि लेणी बघत बघत अजिंठ्यापर्यंत पोचायचं, असा बेत होता.

बेत चांगला होता. फक्त गाडी निवडायचं काम बाजीरावांकडे आलं, कारण ती कशी निवडावी यावरची तीन पुस्तकं त्यांनी वाचली होती.

त्यांनी दोन गाड्या पाहिल्याही. नारायणगावला एक टेम्पो पाहिला. त्यातून वीस वर्षं दूध जात होतं आणि तसा वास येत होता. पण मालकानं चहा पाजला, त्यामुळे वासाचा विषय काढणं बरं दिसेना. घोडेगावची जीप पाहायला गेले, तेव्हा मालक तिच्याविषयी इतक्या मायेनं बोलू लागला, की एक्केचाळीस प्रश्न विचारणं म्हणजे मुलीच्या बापाचा अपमान करण्यासारखं वाटलं. दोन्ही ठिकाणी ते “विचार करून कळवतो” म्हणाले, आणि घरी येऊन दोघांना दिलगिरीची पत्रं टाकली. दुधाच्या टेम्पोवाल्याचं उलट उत्तर आलं : ‘कसली दिलगिरी? आपण कोण?’

मुलगा रत्नदीप आणि सून प्रतीक्षा बंगलोरला गेल्यापासून घर फार मोकळं झालं होतं. सकाळी दोन कप, दुपारी दोन ताटं, संध्याकाळी पुन्हा दोन कप. कुकरची शिट्टी झाली की तेवढाच आवाज, नाहीतर पान उलटल्याचा. द्रौपदाबाई आधी पुष्कळ बोलत. मग थोडं बोलू लागल्या. हल्ली त्या कुंडीतल्या झाडांशी बोलत, आणि बाजीराव आतून ऐकत.

अशात एका शुक्रवारी रत्नदीपचा फोन आला. तो फोनवर इतक्या मोठ्यानं बोलायचा, की पलीकडच्या खोलीत बसलेल्या बाजीरावांनाही सगळं ऐकू जाई.

“आई, प्रतीक्षाची बाळंतपणाची रजा दीड महिन्यानं संपतीय. सहा महिने येशील का? बाळाकडे कुणी नाही गं.”

“आणि बाबा?”

“बाबांचं काय, त्यांना पुस्तकं असली की झालं.”

द्रौपदाबाईंनी फोन हातात तसाच धरून दाराशी येऊन पाहिलं. “अहो, जाऊ का मी?”

‘जाऊ नकोस’ हे दोन शब्द बाजीरावांच्या गळ्यापर्यंत आले. तिथं ते थांबले. सहा महिने. एक कप, एक ताट, एक कप. त्यांनी पुस्तकात पाहिलं. त्या पानावर ते गेली दहा मिनिटं होते.

“बघ, तुला कसं जमतंय ते,” ते म्हणाले.

फोन ठेवून द्रौपदाबाईंनी कुंडीतलं एक वाळकं पान खुडलं. मग म्हणाल्या, “सोमवारी दुपारी चारला स्टँडजवळचा बुकिंगवाला दुकान उघडतो. त्याच्या आत गाडी दारात आली तर आधी लेणी, मग बंगलोर. न्हाई आली तर मी लगेच निघायचं तिकीट काढून मोकळी होणार. माझे वडील बेल्ह्याच्या बाजारातून एका सकाळी बैलजोडी पारखून आणायचे. तुमाला चार महिन्यांत एक जीप पारखता येईना.”

द्रौपदाबाईंचं माहेर आणे पठारावरचं, बेल्हे त्यांचा घरचा बाजार. तो सोमवारीच भरत असे. तिथं हल्ली बैलांबरोबर गाड्याही उभ्या असतात, असं बाजीरावांनी ऐकलं होतं.

सोमवारी पहाटेच्या एसटीनं ते निघाले. काखेत वही, खांद्याला पिशवी, पिशवीच्या तळाशी पैसे आणि पैशांवर दोन पुस्तकं. “एकपर्यंत येतो,” असं त्यांनी दारातून सांगितलं. द्रौपदाबाई झाडांना पाणी घालत होत्या. त्यांनी मान हलवली. झाडांकडे बघून हलवली की यांच्याकडे, हे बाजीरावांना एसटीत बसेपर्यंत ठरवता आलं नाही.

बाजाराच्या कडेला एका मोठ्या चिंचेखाली दोन ट्रॅक्टर, एक मळणीयंत्र आणि एक जीप उभी होती. जीपच्या बॉनेटवर कोपर टेकून सावळेराम दलाल उभा होता. तो मूळचा बैलांचा दलाल. बैल कमी झाले तसा तो इंजिनांकडे वळला होता, पण पारखायची रीत त्यानं बदलली नव्हती.

“या पावणं, या! कसं हाय जनावर? बगा निसतं. दात बगा.” असं म्हणून त्यानं पुढची जाळी दाखवली. “एकाच घरची हाय. खोडदच्या सयाजीची. खाऊन-पिऊन सुखी. कवा लाथ मारली न्हाई.”

“हे... जरा काही विचारायचं होतं,” बाजीराव वही उघडत म्हणाले.

“इचारा की राव! इचाराय पैसं पडत न्हाईत.”

एवढं मोकळं आमंत्रण मिळाल्यावर बाजीराव गोंधळले आणि त्यांनी चुकून शेवटचं पान उघडलं. “मागील भागात दोन माणसे पाय लांब करून झोपू शकतील काय?”

सावळेरामनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “कोन दोन मानसं?”

“मी आणि... घरातून.”

“हात्तिच्या! मग बगूनच घ्या की.” त्यानं मागचं फाळकं पाडलं, बाकं उचलून कडेला लावली आणि बाजीरावांना आत चढवलं. ते संकोचून आडवे झाले, तर सावळेरामही पागोटं काढून त्यांच्या शेजारी लांब झाला. “शिस्टरबाई माज्यापरीस जाड का बारीक?”

“तुम्ही तिला ओळखता?”

“तालुक्यात कोन वळखत न्हाई? माज्या पुतन्याला त्यांनीच सुई टोचली, अजून त्यांचं नाव काडलं की पळतो. तुमी त्यांचं मालक, लग्नात बगितलंय की तुमाला. बरं, जाड का बारीक?”

“बारीक,” बाजीराव टपाकडे बघत म्हणाले.

“मग मधी येक पिशवी बी मावंल.”

फाळक्यापाशी आठदहा माणसं जमून आत डोकावत होती. बाजीरावांनी डोळे मिटून घेतले. एक्केचाळिसाव्या प्रश्नासमोर त्यांनी मनातल्या मनात ‘होय’ लिहिलं. चार महिन्यांत मिळालेलं ते पहिलं उत्तर होतं.

मग सावळेरामनं गाडी चालवून दाखवली. चिंचेखालून निघाला, मळणीयंत्राला वळसा घातला, बैलांच्या दावणीला वळसा घातला, पार ओढ्यापर्यंत जाऊन मोठं रिंगण करून पुन्हा चिंचेखाली तोंड करून उभा राहिला. साधं दोन हात मागे घेऊन वळवायचं, तिथंही तो अख्ख्या बाजाराला प्रदक्षिणा घालत होता. बाजीरावांना तो त्याचा दिमाख वाटला.

तेवढ्यात मालक सयाजी आला. आडव्या बांध्याचा, घाईतला माणूस. जीप चार बाजार उभी राहिली होती आणि पाचव्या वेळेस परत नेली तर घरात घेणार नाही, असं बायकोनं त्याला बजावलं होतं. हे बाजीरावांना कुणी सांगितलं नाही.

“चला, भाव करा,” असं म्हणून सावळेरामनं खांद्यावरचा टॉवेल काढला, सयाजीचा उजवा हात धरला, बाजीरावांचा उजवा हात धरला, दोन्ही एकात एक दिले आणि वर टॉवेल टाकला.

“हे काय?”

“बाजाराची रीत, भाऊ. तोंडानं आकडा काडायचा न्हाई. बोटं दाबायची. येक बोट म्हंजी धा हजार, अर्दं बोट म्हंजी पाच. पंजा म्हंजी पन्नास. पटलं तर पटलं, न्हाई पटलं तर बोट सोडायचं.”

बाजीरावांचा हात परक्या माणसानं असा पूर्वी कधी धरला नव्हता. वाचनालयात पुस्तक देता-घेता बोटाला बोट लागलं तरी ते ‘माफ करा’ म्हणत. वही डाव्या काखेत होती, ती काढावी तर पिशवी पडेल, आणि उजवा हात तर गेलेलाच. तो हात गार पडला, घामेजला आणि लाकडासारखा ताठ झाला.

सयाजीनं पंजा दाबला, मग चार बोटं. नव्वद.

बाजीरावांचा हात हलला नाही.

सयाजीनं पुन्हा पंजा दाबला, मग तीन बोटं. हात हलला नाही. भोवतीचे लोक गप्प होते. इतकी शांतता बाजीरावांनी फक्त परीक्षेच्या दिवसांत वाचनालयात अनुभवली होती आणि ती मोडायची त्यांना सवय नव्हती. इंजिन कधी उतरवलं होतं, हे विचारायचं मनात होतं. पण सगळे गप्प असताना आपणच कसं बोलायचं?

सत्तर. हात हलला नाही.

सयाजीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं काहीच नव्हतं. लाजाळू माणसाच्या चेहऱ्यावर जे काहीच नसतं, ते होतं. सयाजीला ते फार भयंकर वाटलं.

“काय मानूस हाय ह्यो!” तो सावळेरामला म्हणाला. “निस्ता दगड!”

पासष्ट. साठ. सयाजीच्या कपाळावर घाम आला. बाजीरावांना त्याची इतकी कीव आली, की सौदाबिदा राहू दे, आपण आपला हात काढून घ्यावा आणि घरी जावं असं वाटलं. तो काढण्यासाठी त्यांनी आखडलेली पाचही बोटं एकदम ताणली. ती सयाजीच्या तळव्यात रुतली.

“पंजा!” सयाजी कळवळून ओरडला. “पन्नास? अवो पावणं, पोटावर पाय देता का गरिबाच्या?”

बाजीराव घाबरून पुन्हा गार पडले. हात जिथं होता तिथंच राहिला.

“मानला भाऊ तुमाला,” सयाजी शेवटी म्हणाला आणि त्यानं टॉवेल भिरकावला. “घ्या! न्या!”

सावळेरामनं मूठभर गुलाल जीपच्या बॉनेटवर उधळला, राहिलेला बाजीरावांच्या टकलाला लावला. लोकांनी टाळ्या पिटल्या.

“अहो, पन्नास फार कमी होतात,” बाजीराव सावळेरामच्या कानाशी म्हणाले. “त्यांना पासष्ट तरी—”

“गप ऱ्हावा!” सावळेराम दाताखाली बोलला. “सगळा बाजार बिगडवाल.”

खरं म्हणजे इथं संपायला हवं होतं. अकरा वाजले होते. एकपर्यंत जुन्नरला सहज पोचता आलं असतं. पण ‘दगड’ हा शब्द बाजारभर फिरला होता. गाडीचे कागद होतायत तोवर लुगड्याचा काष्टा खोचलेली, हातात दावं घेतलेली एक बाई गर्दी हटवत पुढं आली. बेल्ह्याचीच बायडाबाई.

“दगड पावणं ते तुमीच का? लई गार हात हाय म्हनं तुमचा. माज्या म्हशीच्या सौद्याला जरा हात घाला.”

“मला म्हशीतलं काही समजत नाही हो.”

“जीपमदलं तरी कुटं समजतं? वहीतलं वाचून तर इचारीत व्हता. म्हस म्या बगितलीया. तुमी निस्ता हात द्या.”

नाही म्हणणं बाजीरावांना जमत असतं, तर नारायणगावच्या टेम्पोवाल्याला पत्र लिहावं लागलं नसतं. त्यांनी हात दिला. म्हशीचा मालक तीन वेळा शिव्या देऊन, एकदा डोळे पुसून बायडाबाईच्या भावात आला. तिनं बाजीरावांना चहा पाजला. चहा संपायच्या आत भागू नावाचा एक म्हातारा पाण्याच्या इंजिनासाठी त्यांना ओढून घेऊन गेला. मग एक बैलजोडी झाली. मग दोन शेरडं झाली, आणि दुसऱ्या बाजूनं त्या शेरडांचा मालकच म्हणाला, “फुडच्या खेपंला ह्यांचा हात मला पायजे.”

लोक त्यांना ‘भाऊ’ म्हणत होते. ‘हिकडं या’, ‘बसा’, ‘येक घोट घ्या’ म्हणत होते. चौतीस वर्षांत एवढ्या लोकांनी त्यांचा हात धरला नव्हता. त्यांना वाईट वाटत होतं असं म्हणता येणार नाही. फक्त मधूनमधून ते घड्याळ पाहत.

दोन वाजता ते फोनच्या टपरीवर गेले. घरचा नंबर लावला. तो लागत नव्हता, कोणीतरी बोलत होतं. बंगलोरच असणार. पुन्हा लावला. मागे रांग लागली, तसे ते “माफ करा” म्हणून बाजूला झाले.

“भाऊ, घरी बी असंच का?” रांगेतला शेरडंवाला हसत विचारत होता. “शिस्टरबाई काय इचारत्यात, अन तुमी निस्तं गार?”

सगळे खळखळून हसले. बाजीरावही हसले. मग त्यांचं हसू थोडं आधी थांबलं.

गाडी निघायला साडेतीन झाले. बाजीरावांनी वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी परवाना काढला होता, पण शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक नसेल अशी गाडी त्यांनी कधी चालवली नव्हती. म्हणून जुन्नरच्या स्टँडपर्यंत सावळेराम चालवत आला. त्याला तिथून परतीची एसटी होती.

“चार वाजले,” आळेफाट्याच्या अलीकडे बाजीराव म्हणाले.

“तुमाला गडबड हाय का? मग आदी बोलायचं राव!” सावळेराम म्हणाला. त्यानं एक खड्डा चुकवला. “बाजारात मुकं ऱ्हायलं की भाव उतरतो, ही आमची इद्या. मला वाटायचं, घरात बी तसंच आसंल. माजी बायको इचारायची, जेवन बरं झालं का? म्या गप. लुगडं कसं दिसतं? म्या गप. मंग तिनं इचारायचंच सोडलं. म्या म्हनलं, चला, सस्त्यात सुटलो.” त्यानं हॉर्न वाजवला. रस्त्यात कुणी नव्हतं. “चार वर्सं झाली तिला जाऊन. आता भाकरी थापताना म्याच म्हनतो, बरी झालीया हां, सावळेराम.”

बाजीरावांनी काहीतरी बोलायला हवं होतं. त्यांनी बराच विचार केला. तोवर जुन्नर आलं.

उतरताना सावळेरामनं खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. “ऱ्हाऊ द्या, आठवन. अन येक सांगायचं ऱ्हायलं भाऊ. गाडी मागं घिऊ नका.”

“का?”

“जात न्हाई.” आणि तो एसटीकडे पळाला.

बुकिंगवाल्याचं दुकान उघडं होतं. समोर कुणी नव्हतं. पाच वाजून गेले होते. बाजीरावांनी तिकडे पाहिलं, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा एकट्यानं गाडी चालवत, पहिल्याच गिअरमध्ये, ते घराच्या बोळात शिरले. घर अठरा हात मागे राहिलं तेव्हा गाडी थांबली. मागे घेता येत नव्हती. म्हणून ते तसेच पुढे गेले आणि बोळाच्या टोकाला भिंतीपाशी नाक लावून उभे राहिले.

द्रौपदाबाई पायरीवर बसल्या होत्या. त्या उठून हळूहळू चालत आल्या.

“चार वाजून गेले,” त्या म्हणाल्या.

“हो.”

त्यांनी जीपला एक फेरी घातली. चाकाला पायानं दाबून पाहिलं, फाळक्यावर थाप मारली, बॉनेटवर तळवा टेकून तिचा उबारा पाहिला. त्यांचे वडील बैलाच्या पाठीवर असाच हात ठेवत. तळव्याला लागलेल्या गुलालाकडे त्यांनी पाहिलं, मग बाजीरावांच्या टकलाकडे.  दार उघडून शेजारी येऊन बसल्या.

समोर भिंत होती. भिंतीवर एक मांजर बसलं होतं. दोघंही मांजराकडे बघत राहिले.

‘तिकीट काढलंस का?’ एवढंच विचारायचं होतं. बाजीरावांनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. मग त्यांनी जे केलं ते त्यांनी कसं केलं, हे त्यांना नंतरही सांगता आलं नाही. मांडीवरचा टॉवेल उचलून त्यांनी द्रौपदाबाईंच्या हातावर टाकला आणि त्याखाली आपला हात घातला.

द्रौपदाबाई दचकल्या. “हे काय वो?” मग त्यांचा हात ओळखीनं सैल झाला. लहानपणी वडिलांची भाकरी घेऊन त्या बेल्ह्याच्या त्याच चिंचेखाली बसून असे सौदे बघत. “एक बोट म्हंजी किती?”

“महिना,” बाजीराव म्हणाले.

द्रौपदाबाईंनी पंजा दाबला, आणि मग एक बोट. सहा.

बाजीरावांनी एक बोट दाबलं.

द्रौपदाबाईंचा हात हलला नाही.

बाजीरावांनी दोन बोटं दाबली. हात हलला नाही. तो गार नव्हता, घामेजला नव्हता, आखडलाही नव्हता. नुसता होता. बाजीरावांनी तिरक्या नजरेनं पाहिलं. द्रौपदाबाई मांजराकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

तीन. चार. आता बाजीरावांच्याच कपाळावर घाम आला. समोरचा हात आपल्या हातात आहे आणि त्या हाताच्या मनात काय आहे ते कळत नाही, ही काय अवस्था असते ते सयाजीला सकाळी कळलं होतं. म्हशीवाल्याला कळलं होतं. या शेजारी बसलेल्या बाईला गेली पस्तीस वर्षं रोज कळत आलं असेल, हे बाजीरावांच्या आत्ता ध्यानात आलं. साडेचार. पाच.

अख्ख्या बेल्ह्याच्या बाजाराला ज्यानं घाम फोडला, तो माणूस साडेपाचावर मोडला.

“मला इथं एकट्याला करमणार नाही,” ते म्हणाले. आवाज इतका मोठा आला, की मांजर भिंतीवरून उठून गेलं.

द्रौपदाबाईंनी आता त्यांच्याकडे पाहिलं.

“गेले होते मी चारला,” त्या म्हणाल्या. “तो म्हणाला, किती मानसं? मी गप. परत म्हणाला, बाई, एक का दोन? मला एक म्हणायला तोंड उघडंना. दोन म्हणावं तर तुमी येणार का न्हाई ते म्हाईत न्हाई. तिसऱ्यांदा इचारलं त्यानं. मागचा मानूस म्हणाला, बाई मुक्या दिसत्यात. मग आले परत.”

“मग तिकीट?”

“काडलंच न्हाई.”

बाजीराव गप्प बसले. मग गप्प बसल्याचं लक्षात येऊन घाईघाईनं म्हणाले, “दोन म्हणायचं होतंस.”

“अवो, एवढं बोलायला बेल्ह्यापर्यंत जावं लागलं होय?” त्या हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या, त्यामुळे सुरुवातीला ते थोडं खोकल्यासारखं वाटलं. “आता तिकिटं कशाला? गाडी हाय ना. रजा संपायला दीड महिना हाय. तुळजा लेणी, मग कार्ला, भाजं, कऱ्हाड, बदामी, असं करत करत बंगलोर. अजिंठा येताना बघू. दोन हजार वर्षं थांबलाय, अजून थोडा थांबंल.”

“मागे दोन माणसं झोपू शकतात,” बाजीराव म्हणाले. “मी पाहिलं. झोपून पाहिलं.”

“कुणासंगं?”

“ते नंतर सांगतो.”

“बरं, मग चला. उजेड हाय तोवर एक चक्कर मारू. घ्या गाडी मागं.”

बाजीरावांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. “ती मागे जात नाही.”

“म्हंजी?”

“पुढेच जाते.”

द्रौपदाबाईंनी भिंतीकडे पाहिलं, मागच्या अरुंद बोळाकडे पाहिलं, आणि त्यांच्या काखेतल्या वहीकडे पाहिलं. “एक्केचाळीस प्रश्न होते न्हवं? त्यात हे न्हवतं का?”

“होतं. सतरावा प्रश्न.”

“मग इचारला का न्हाई?”

“हात मोकळा नव्हता,” बाजीराव म्हणाले.

टॉवेलाखाली तो अजूनही मोकळा नव्हता.